दारूचे सतरा डबे

दारू हा शब्द ऐकून कान टवकारू नका, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते बंदुकीच्या दारूविषयी. आपल्या मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि दोन्हींच्या बाबतीत माणूस वाहवत जातो, इतकंच साम्य.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. गेली तीस वर्षं तो तिकडेच आहे आणि तिकडचा शिकारीचा छंद त्याला लागला आहे. तिथे एल्क नावाचं हरिण असतं, आपल्या सांबराचं दांडगं भावंड म्हणा. शरद ऋतूत रीतसर परवाना काढून लोक त्याच्या शिकारीला जातात. या गृहस्थाची मोटार रस्त्यावर उभी आणि गॅरेजमध्ये एक भक्कम लाकडी बाक. बाकावर हाताने दाबायचं लोखंडी यंत्र, सोनाराकडे असावा तसा नाजूक तराजू, पितळी पुंगळ्यांचे ट्रे. आणि वरच्या फळीवर प्लॅस्टिकचे डबे. मी मोजले, सतरा होते.

‘‘अरे, एवढे सतरा कशाला?’’ मी विचारलं. जन्मभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. रसायनांच्या कपाटात गर्दी दिसली की माझा हात आपोआप यादीकडे जातो.

‘‘दादा, प्रत्येक डब्यामागे एक गोष्ट आहे,’’ तो म्हणाला. एक कुणी मित्राने वाखाणला म्हणून, एक मासिकात वाचून, दोन स्वस्तात मिळाले म्हणून, एक आवडता मिळेना म्हणून बदली. बहुतेक अर्धे, काही तळाला गेलेले. तुमच्याआमच्या घरी मसाल्यांच्या डब्यांचं होतं तेच. फरक एवढाच की, जिऱ्याच्या डब्यात शहाजिरं मिसळलं तर आमटी थोडी वेगळी लागते. इथे चूक झाली तर डोळा जातो.

या छंदाची कृती अशी. काडतूस झाडलं की गोळी जाते, दारू जळते, पण पितळी पुंगळी शिल्लक राहते. ती साच्यातून दाबून पुन्हा मूळ मापात आणायची, बुडातली जळकी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू ओतायची आणि तोंडावर नवी गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत लाखो लोक हे घरी करतात. काही जण पैसे वाचवायला, काही जुन्या रायफलींना बाजारात काडतुसं मिळत नाहीत म्हणून, आणि बरेच जण आपल्या रायफलीला नेमकं मानवणारं काडतूस शोधायचं म्हणून. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेव्हा हे ऐकून कुणी कामाला लागू नये. आणि आपले नेमबाज? २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेची स्पर्धा पॉइंट टू-टू काडतुसांची. त्या काडतुसात ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुंगळी एकदा वापरली की संपली. ते नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि आपल्या रायफलीला मानवेल तो निवडतात. म्हणजे शोध तोच, वाट निराळी.

आता मुळात ही दारू म्हणजे काय ते पाहू. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत ठासत ती काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळसा. ती धूर फार करते आणि नळीत काजळी साठवते. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत भिजवून काढलेला आपला साधा कापूस. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातात त्या दारूवर चालणारी लेबेल रायफल आली आणि बाकीच्या राष्ट्रांची झोप उडाली. आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून आपली दारू काढली. १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट आणलं. ते शेवयांसारख्या दोऱ्यांच्या रूपात असे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री रायफल मूळची याच दोऱ्यांवर चाले. या काडतुसाची गंमत अशी की, पुंगळीची मान आवळण्याआधीच दोऱ्यांची जुडी आत सरकवत असत. घरी बसून असं काडतूस भरणाऱ्याला तो प्रकार जमणारा नव्हता. नीलगिरीतल्या अरुवनकाडूला १९०३ साली निघालेला कारखाना आजही कॉर्डाइट फॅक्टरी या नावानेच ओळखला जातो. पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे २०२१ पासून तो आहे.

दारूचा स्फोट होतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर रायफलीतली दारू जळते आणि ती कशी जळते यावरच सगळा खेळ आहे. चुलीचं उदाहरण घ्या. उसाचं पाचट भर्रकन पेटतं आणि संपतं. बाभळीचा ओंडका सावकाश जळत राहतो. दारूचा कण बाहेरच्या पृष्ठभागावरून जळत आत जातो. साधा भरीव कण जळत जाईल तसा लहान होतो आणि जळणारा पृष्ठभागही घटतो. पण कणाला मधून भोक पाडलं, म्हणजे पोकळ शेवईचा तुकडा केला, तर बाहेरचा पृष्ठभाग कमी होत असताना आतल्या भोकाचा वाढत जातो आणि वायू एकसारखा निघत राहतो. त्यावर जळण मंद करणाऱ्या रसायनाचा लेप दिला की सुरुवात आणखी धीमी. वरून ग्रॅफाइटची झिलई, म्हणजे कण घरंगळतात आणि स्थिर विद्युत साठत नाही. म्हणून या सगळ्या दारूंचा रंग एकच, काळपट करडा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब आणखी वाढतो. हे चक्र फिरतं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत. पॉइंट थ्री-नॉट-एट विन्चेस्टर या प्रसिद्ध काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ६२ हजार पौंड. तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये तो तीस-पस्तीस असतो. आणि हे सगळं घडतं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर.

तेव्हा दारूची निवड म्हणजे वेगाची निवड. झोपाळ्याला झोका देताना धक्का वेळेवर आणि लांबवर द्यावा लागतो, एकदम आदळून चालत नाही. तसंच मोठी पुंगळी, बारीक नळी आणि जड गोळी असेल तर मंद दारू हवी. गोळी हलायच्या आत सगळी जळून गेली, तर दाब नळीला झेपणार नाही. उलट लहान पुंगळीत फार मंद दारू घातली तर तिचा काही भाग न जळताच तोंडातून बाहेर पडतो. या तर्काने पाहिलं तर सामान्य शिकाऱ्याला लागणाऱ्या वेगांच्या पायऱ्या फार थोड्या आहेत. मध्यम, मध्यमाहून मंद आणि अगदी मंद. मग बाजारात शेकड्याने नावं का?

एक कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गॅरँड रायफलीच्या काडतुसांसाठी ड्यूपॉन्ट कंपनी ‘आयएमआर ४८९५’ नावाची दारू बनवत होती. वीस मिलिमीटर तोफांसाठी त्याहून मंद ‘४८३१’ होती. युद्ध संपलं आणि या दारूचे ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन या गृहस्थाने सरकारकडून ती घेतली आणि जाहिरात देऊन घरी काडतुसं भरणाऱ्यांना स्वस्तात विकली. तोफेची दारू शिकाऱ्याच्या मोठ्या पुंगळ्यांत अशी काही फिट बसली की, तिचं नाव झालं. पुढे साठा संपल्यावर त्याच आकड्यांची नवी दारू करून घेणं आलं. आज हॉजडनच्या नावाने विकली जाणारी ४८९५ आणि ४८३१ ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला गावी तयार होते.

आता गोंधळ बघा. हॉजडनची ४८३१ आणि आयएमआरची ४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत. आयएमआरची अधिक वेगाने जळते. एकीचं माप पुस्तकातून वाचलं आणि डबा दुसरीचा उचलला तर दाब वाढलाच. उलट हॉजडनची एच ४१४ आणि विन्चेस्टरची ७६० ही नावं दोन, पण दारू एकच! जुळ्या भावांना वेगळी आडनावं आणि परक्यांना एकच नाव, असा हा प्रकार. माझ्या भावाच्या फळीवर ही दोन्ही जुळी शेजारी शेजारी उभी होती. ‘‘ही जरा बरी मारते,’’ असं तो त्यांतल्या एकीबद्दल मनापासून म्हणत होता. मी त्याला खरं काय ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वेगाच्या क्रमाने दारूंची उतरंड लावलेले तक्ते छापलेले असतात. ते दिशा दाखवण्यापुरते. तक्त्यात शेजारी असलेली दारू तेवढ्याच मापाने वापरता येते, असा त्याचा अर्थ कधीच नाही. एका पुंगळीतला क्रम दुसऱ्या पुंगळीत बदलूही शकतो.

दारू बदलली की काय होतं याचं मोठं आणि दुःखद उदाहरण व्हिएतनामचं आहे. एम-१६ रायफल मूळ बेतली होती ती ड्यूपॉन्ट कंपनीच्या आयएमआर या कांडीसारख्या कणांच्या दारूवर. १९६४ पासून सैन्याने तिच्या काडतुसांत गोल कणांची दारू भरायला सुरुवात केली. ही गोल दारू १९३३ मध्ये फ्रेड ओल्सेन यांनी शोधलेली, चांगली, जुनी. पण तिच्या जळण्याची चाल वेगळी. रायफलीची यंत्रणा आखल्यापेक्षा जोरात धावू लागली, वायूच्या नळीत आणि आत कीट साचू लागलं. नळीच्या कक्षेला क्रोमचा मुलामा नव्हता, सैनिकांना साफसफाईचं पुरेसं साहित्यही मिळालं नव्हतं. ऐन लढाईत रायफली अडकल्या, माणसं मेली. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या इकॉर्ड उपसमितीने अडकण्याच्या प्रमुख कारणांत दारूच्या या बदलावर बोट ठेवलं. दारू वाईट नव्हती, त्या रायफलीची नव्हती.

कारखान्याची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. कारखान्यात टनावारी येणारी दारू दर लॉटला थोडी बदलते. तिथे दाब मोजायची यंत्रं असतात, त्यानुसार माप कमीजास्त करतात. घरगुती डब्यात विकली जाते ती दारू वेगवेगळे लॉट मिसळून ठरावीक वेगाला आणलेली असते, म्हणूनच पुस्तकातलं माप तिला लागू पडतं. लष्करी काडतूस फोडून काढलेली दारू वापरू नये असं जे सांगतात, त्यामागे हे आहे. तिच्यावर नाव नाही आणि तिचं माप कुणाला ठाऊक नाही.

भावाच्या सतरा डब्यांचं पुढे काय झालं, ते त्याच्याच एका संध्याकाळच्या गोष्टीने ठरलं. मी तिथे असतानाच त्याने ती सांगितली, जरा खालच्या आवाजात. दारू मोजून ओतणारं एक लहान यंत्र असतं, वर नळकांडं आणि खाली मूठ. काम संपलं की नळकांड्यात उरलेली दारू परत डब्यात ओतायची. त्या दिवशी कामावरून दमून आलेला, बाकावर तीन डबे उघडे. उरलेली दारू त्याने डब्यात ओतली, झाकण लावलं, दिवा मालवला. रात्री अंथरुणात त्याला आठवलं की आपण ओतली तो डबा डाव्या बाजूचा होता. भरत होतो ती दारू उजव्या डब्यातली.

सकाळी झाकण उघडून पाहिलं. काळपट करडे कण, त्यांवर काळपट करडे कण. वेगळे करणं अशक्य. मिश्रणाचा वेग काय असेल हे जगातला कुठलाही तक्ता सांगू शकत नाही आणि डबा हलेल तसा तो थराथराला बदलणार. जवळजवळ पौंडभर दारू त्याने अंगणातल्या हिरवळीवर विरळ पसरून टाकली. ‘‘आणि आठवलंच नसतं तर?’’ मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, चष्मा काढून पुसत बसला.

मग दोघांनी बसून फळी रिकामी करायला घेतली. त्याच्या रायफली तीन. एक लहान पॉइंट टू-टू-थ्री, एक जुनी थर्टी-ऑट-सिक्स (म्हणजे १९०६ सालचं पॉइंट थर्टी काडतूस) आणि एक थ्री-हंड्रेड मॅग्नम, मोठ्या पुंगळीची. मी प्रश्न एकच धरला, कुठली दारू पुंगळी जवळजवळ भरते? हे निव्वळ नीटनेटकेपणासाठी नव्हे. थोडक्यात काम भागवणारी वेगवान दारू पुंगळीच्या तळाशी राहते आणि चुकून दोनदा ओतली तरी दिसत नाही. पुंगळी भरणारी दारू दुसऱ्यांदा ओतली तर बाकावर सांडते, चूक स्वतःच बोंब मारते. उलट मंद दारू मापाहून फार कमी घालणंही धोक्याचं. अर्धरिकाम्या पुंगळीत ती कधी कधी अचानक भयंकर दाब निर्माण करते, हे पाहिलं गेलेलं आहे. कारणाबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही. पुस्तकात खालची मर्यादाही छापलेली असते ती उगाच नाही.

या कसोटीवर दोन डबे उरले. हॉजडनची ४८९५ लहान रायफलीला आणि थर्टी-ऑट-सिक्सलाही चालते. त्याच कंपनीची ४८३१ मॅग्नमला, आणि गोळी जड असेल तर थर्टी-ऑट-सिक्सलाही. दोन्ही दारू उन्हाळ्या-हिवाळ्यात फारशा न बदलणाऱ्या; कोलोरॅडोत जुलैमध्ये माप ठरवून नोव्हेंबरच्या बर्फात झाडायचं असतं, तेव्हा हे महत्त्वाचं. दोन्हींचे कण कांडीसारखे. ही त्यांची खोड आहे. गोल कणांची दारू यंत्रातून राजगिऱ्यासारखी घरंगळते, कांडीची अडते, कधी मुठीखाली चिरडते. भाऊ कुरकुरला. मी म्हटलं, शिकारीला वर्षाला काडतुसं लागतात किती? ‘‘चाळीस-पन्नास.’’ मग तराजूवर तोल की एकेक! तिकडचं वजन ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे आपल्या निम्म्या गुंजेहून किंचित जास्त. थर्टी-ऑट-सिक्सला साधारण पन्नास ग्रेनच्या आगेमागे दारू लागते, म्हणजे तीन-सव्वातीन ग्रॅम. नेमकं माप पुस्तकातून घ्यायचं आणि कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करत चढायचं. एका पौंडात सात हजार ग्रेन. डब्यातून सव्वाशेच्या वर काडतुसं होतात. दोन डबे त्याला वर्षभर पुरून उरतात.

तुम्ही म्हणाल, आवडती दारू बाजारात मिळालीच नाही तर? हा प्रश्न रास्त आहे. २०२० नंतर अमेरिकेत दारूची मोठी टंचाई झाली, भाव चढले, दुकानांत फळ्या रिकाम्या. त्यावर माझं मत असं की, बदलीची एखादी दारू आधीच ठरवून, तिचं माप सावकाश पारखून वहीत लिहून ठेवावं. दिसेल तो डबा उचलून साठवणं हा उपाय नव्हे. नायट्रोसेल्युलोज कायम टिकत नाही. त्यात स्थैर्य राखणारं द्रव्य घालतात, तेही हळूहळू संपतं. मग दारूला आंबूस वास येतो, तांबूस धूर सुटतो. पुरेसं स्थैर्य नसलेल्या फ्रेंच दारूपायी तुलाँ बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबेर्ते’ ही दोन युद्धनौका आपल्याच कोठारांतल्या स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या आणि शेकडो माणसं गेली. घरातला पौंडभराचा डबा म्हणजे युद्धनौकेचं कोठार नव्हे, कबूल. पण दहा वर्षांपूर्वीचा तळाला गेलेला डबा कुणी रोज उघडून हुंगत नाही.

उघडलेले डबे दुसऱ्याला द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत. आत काय आहे याची खात्री फक्त लेबल देतं आणि लेबलावर त्या घरात किती विश्वास ठेवावा हे आपण पाहिलंच. तेव्हा बाकीचे पंधरा डबे महिनाभर थोडे थोडे करून हिरवळीवर गेले. नायट्रोजनच तो, त्या वर्षी गवत शेजाऱ्यांनी विचारण्याइतकं तरारलं. बाकावर आता एक नियम आहे: एका वेळी एकच डबा खाली येतो आणि तो परत वर गेल्याशिवाय दुसरा येत नाही. यंत्राच्या नळकांड्यावर त्या दिवशीच्या दारूचं नाव चिकटपट्टीवर लिहून लावायचं, रिकामं झालं की काढायचं.

रिकाम्या झालेल्या फळीवर त्याच्या बायकोने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत, असं परवा फोनवर कळलं. प्रत्येकीवर घातल्याची तारीख लिहिलेली आहे म्हणे. अक्षर भावाचंच.